विधानसभेच्या रचनेत अध्यक्षपदाचे स्थान : मुंबई आणि महाराष्ट्र, १८६२ ते २०२४

१. प्रश्नाचे स्वरूप

राज्याच्या विधिमंडळातील कनिष्ठ सभागृहाची रचना सांगावयाची म्हणजे सदस्यसंख्या, मतदारसंघ, राखीव जागा, पाच वर्षांची मुदत, समित्या आणि कामकाजाचे नियम यांची यादी द्यावयाची, असा सामान्य प्रघात आहे. अशी यादी उपयुक्त असते. परंतु दोनअडीचशे परस्परविरोधी माणसे एका दालनात बसून राज्याचा कायदा व खर्च ठरवितात, हे कशाच्या आधारावर घडते, याचे उत्तर त्या यादीत सापडत नाही. ते उत्तर शोधू गेल्यास दृष्टी साहजिकच सभागृहाच्या मध्यवर्ती आसनाकडे वळते. कोणी कधी बोलावे, कोणता प्रस्ताव स्वीकारावा, कोणते विधेयक धनविधेयक मानावे, कोणत्या समितीवर कोणास घ्यावे, आणि १९८५ पासून कोणाचे सदस्यत्व राहावे व कोणाचे जावे, हे सर्व निर्णय त्या आसनाशी येऊन थांबतात.

या आसनाची अडचण मूलभूत आहे. अध्यक्ष हा सभागृहातील सदस्यांपैकीच एक असतो. बहुमताने तो निवडला जातो व बहुमतानेच काढला जाऊ शकतो. तरीही निवड झाल्या क्षणापासून त्याने बहुमताचा राहू नये, अशी अपेक्षा असते. मुंबई इलाख्याच्या व पुढे महाराष्ट्राच्या विधानसभेने ही अडचण कशी हाताळली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या प्रमुखास ‘अध्यक्ष’ व विधानपरिषदेच्या प्रमुखास ‘सभापती’ म्हणण्याचा परिपाठ आहे. तोच येथे पाळला आहे.

२. गव्हर्नरांचे अध्यक्षत्व (१८६२–१९२०)

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अॅक्टान्वये मुंबई इलाख्यास कायदेमंडळ मिळाले व त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली भरली. नाना शंकरशेट यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ या मंडळावर नियुक्त झाले, ही गोष्ट तत्कालीन समाजास मोठी वाटली. आणि ती मोठी होतीही. परंतु या मंडळास स्वतःचे असे स्वत्व नव्हते. गव्हर्नर आणि त्यांचे कार्यकारी सल्लागार कायदे करण्यापुरती चार अधिक माणसे जवळ घेऊन बसत, एवढाच त्याचा अर्थ होता. कायदा मांडणारा, त्यावर चर्चा होऊ देणारा आणि शेवटी त्यास संमती देणारा अधिकार एकाच ठिकाणी होता.

१८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याचा व अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा हक्क सदस्यांना मिळाला. पण अंदाजपत्रकावर मत देता येत नव्हते. या व्यवस्थेची मर्यादा १९०१ मध्ये उघड झाली. जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकमताचा विचार न करता पुढे रेटले जात आहे, असे दिसताच फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे काही सहकारी सभा सोडून बाहेर पडले. आज सभात्याग ही नित्याची बाब झाली आहे. तेव्हा तो नित्याचा नव्हता. ज्या सभेत अध्यक्ष हाच प्रतिपक्ष आहे, त्या सभेत अल्पमताजवळ दुसरे साधन उरत नाही, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याचा व मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्न विचारण्याचा हक्क दिला, बिनसरकारी सदस्यांची संख्याही वाढविली. परंतु गव्हर्नरांचे आसन जेथे होते तेथेच राहिले.

३. नियुक्त आणि निर्वाचित प्रेसिडेंट (१९२१–१९३६)

१९१९ च्या कायद्याने ही गाठ प्रथम सुटली. नव्या मुंबई कायदे कौन्सिलात ११४ सदस्यांपैकी ८६ निर्वाचित होते आणि गव्हर्नर सभेबाहेर गेले. त्यांच्या जागी स्वतंत्र प्रेसिडेंट आला. मात्र पहिली चार वर्षे प्रेसिडेंटची नेमणूक गव्हर्नरांनी करावी व त्यानंतर कौन्सिलने आपला प्रेसिडेंट निवडून गव्हर्नरांची मान्यता घ्यावी, अशी दोन टप्प्यांची योजना होती. लोकांनी निवडलेल्या सभेवर एकदम विश्वास टाकण्याची राज्यकर्त्यांची तयारी नव्हती, हे यावरून उघड होते. तरीही पहिली नेमणूक विचारपूर्वक झाली. उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश सर नारायण चंदावरकर १९२१ मध्ये पहिले प्रेसिडेंट झाले व १९२३ मधील आपल्या निधनापर्यंत त्या पदावर होते. त्यांच्या पश्चात सर इब्राहिम रहिमतुल्ला आले आणि मुदत संपताच कौन्सिलने त्यांनाच निवडून दिले. १९२७ पासून अलीमहंमद खान देहलवी हे प्रेसिडेंट होते.

या काळातील कौन्सिलचे अधिकार मर्यादित होते. राखीव खात्यांवर तिचा ताबा नव्हता आणि तिचे ठराव शिफारशीच्या स्वरूपाचे असत. असे असूनही सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादी अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले करण्याविषयीचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी याच सभेने संमत केला. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहामागे हा ठराव होता. स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे या कौन्सिलचे नियुक्त सदस्य झाले व १९२८ मध्ये त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक तेथे मांडले. १९२८ मध्येच कौन्सिलला मुंबईत रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमची इमारत मिळाली. हेच पुढे अनेक दशके ‘कौन्सिल हॉल’ म्हणून ओळखले गेले. पावसाळी बैठकी पुण्यास भरत.

या पंधरा वर्षांत प्रेसिडेंटचे काम एका अर्थाने सोपे होते. सरकार हे सभेच्या पूर्णपणे अधीन नव्हते. त्याचा मोठा भाग बाहेरून आलेला होता. त्यामुळे सभेच्या हक्कांसाठी प्रेसिडेंट जेव्हा उभा राही, तेव्हा त्यामागे बहुतेक सर्व निर्वाचित सदस्य उभे असत. मध्यवर्ती कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेल यांनी १९२५ ते १९३० या काळात अध्यक्षपदाची जी प्रतिष्ठा वाढविली आणि १९२९ मध्ये सभेसाठी सरकारपासून वेगळी कचेरी मिळविली, तीही याच परिस्थितीत. परकीय सत्तेविरुद्ध निःपक्षपाती राहणे म्हणजे सभेच्या बाजूचे असणे, असे समीकरण होऊन गेले. या समीकरणाचा पाया पुढे राहणार नव्हता.

४. जबाबदार राज्यपद्धती आणि स्पीकर (१९३७–१९४६)

१९३५ च्या कायद्याने मुंबईस दोन सभागृहे दिली. कनिष्ठ सभागृहात, म्हणजे असेंब्लीत, १७५ जागा होत्या. त्यांची वाटणी त्या काळच्या राजकारणाचे चित्रच होय : सर्वसाधारण ११४ (त्यांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी राखीव), मुसलमान २९, स्त्रिया ६, मजूर ७, व्यापार व उद्योग ७, जमीनदार २, विद्यापीठ १, आणि युरोपीय, अँग्लो-इंडियन, हिंदी ख्रिस्ती व मागास जमाती यांच्या उरलेल्या ९. असेंब्लीचा स्पीकर सभेने निवडावयाचा होता व त्यास गव्हर्नरांच्या मान्यतेची अट राहिली नाही. जुलै १९३७ मध्ये गणेश वासुदेव मावळंकर स्पीकर झाले. बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर होते आणि विरोधी बाकांवर आंबेडकर व त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य होते.

येथे अध्यक्षपदाचा प्रश्न पहिल्यांदा त्याच्या खऱ्या रूपात पुढे आला. सरकार आता सभेतूनच निघत होते. जो पक्ष मंत्रिमंडळ बनवीत होता, त्याच पक्षाच्या मतांनी स्पीकर निवडला जात होता. सभेच्या स्वातंत्र्यास धोका आता गव्हर्नरांपेक्षा सभेतील बहुमतापासून अधिक संभवत होता, आणि ते बहुमत स्पीकरचे स्वतःचे होते. मावळंकर यांना याची स्पष्ट जाणीव होती. इंग्लंडातील स्पीकर पक्ष सोडतो आणि पुढील निवडणुकीत मोठे पक्ष सामान्यतः त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. ही प्रथा दीर्घकाळात रुजली. स्वातंत्र्याचा लढा चालू असलेल्या देशात स्पीकरने पक्षाचे सदस्यत्व सोडलेच पाहिजे, असे मावळंकर यांनी मानले नाही. मात्र पक्षाच्या वादग्रस्त व्यवहारापासून दूर राहणे आणि आसनावरून निर्णय देताना पक्ष विसरणे, हा दंडक त्यांनी स्वतःस लावून घेतला. ही मध्यममार्गी भूमिका महत्त्वाची आहे, कारण पुढे भारतभर हीच रूढ झाली.

या सभेचे आयुष्य विचित्र ठरले. नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, गव्हर्नरांनी कारभार हाती घेतला आणि असेंब्लीचे अधिकार थिजून गेले. स्पीकर होता, पण सभा भरत नव्हती. १९४६ च्या निवडणुकीनंतर अहमदनगरचे कुंदनमल सोभाचंद फिरोदिया स्पीकर झाले. संविधान अमलात आले तेव्हा मुंबई विधानसभेच्या आसनावर तेच होते.

५. संविधानाची चौकट आणि बदलती सभा

संविधानाने विधानसभेची जी चौकट आखली, ती थोडक्यात अशी. सभेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे. दोन अधिवेशनांच्या दरम्यान सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये. गणपूर्ती दहा सदस्य किंवा एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा, यांपैकी जो अधिक असेल तो. अनुच्छेद १७८ प्रमाणे सभेने शक्य तितक्या लवकर अध्यक्ष व उपाध्यक्ष निवडावेत. त्यांना दूर करावयाचे झाल्यास चौदा दिवसांची सूचना हवी, आणि सभेच्या तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताने ठराव संमत व्हावा लागतो. हजर असलेल्यांचे बहुमत पुरत नाही. असा ठराव विचारात असताना अध्यक्षाने आसनावर बसावयाचे नाही. एरव्ही तो प्रथम मत देत नाही. समसमान मते पडल्यासच निर्णायक मत देतो. सभा विसर्जित झाली तरी नव्या सभेच्या पहिल्या बैठकीच्या लगेच आधीपर्यंत तो पदावर राहतो. विधिमंडळाचा सेवकवर्ग सरकारच्या सेवकवर्गाहून वेगळा राखण्याची तरतूद अनुच्छेद १८७ मध्ये आहे.

वरिष्ठ सभागृहाच्या तुलनेत विधानसभेचे वर्चस्व निर्विवाद आहे. धनविधेयक विधानसभेतच मांडता येते; परिषदेने चौदा दिवसांत ते परत न केल्यास ते संमत झाले असे मानले जाते. एखादे विधेयक धनविधेयक आहे की नाही, याचा निर्णय विधानसभेचा अध्यक्ष देतो. मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या जबाबदार असते ते विधानसभेलाच.

या चौकटीत बसणारी सभा मात्र वारंवार बदलत गेली. १९५२ च्या मुंबई विधानसभेत ३१५ जागा होत्या व दत्तात्रय काशिनाथ कुंटे अध्यक्ष झाले. १९५६ मध्ये द्वैभाषिक राज्य आले. मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे, हैदराबादमधून मराठवाड्याचे पाच जिल्हे, तसेच सौराष्ट्र व कच्छ मुंबईस जोडले गेले. कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले. १९५७ च्या निवडणुकीत सभेच्या जागा ३९६ झाल्या. नागपूर आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणी एकच सभागृह होते. नागपूरच्या सभेवर घनश्यामसिंह गुप्त यांनी, तर हैदराबादच्या सभेवर काशीनाथराव वैद्य यांनी अध्यक्ष म्हणून काम केले होते. मुंबईच्या सभेत आलेल्या नव्या सदस्यांना द्विगृही पद्धती आणि मुंबईचे परिपाठ एकदमच आत्मसात करावे लागले. १ मे १९६० रोजी राज्य विभागले गेले तेव्हा ३९६ पैकी २६४ सदस्य महाराष्ट्राकडे व १३२ गुजरातकडे गेले. द्वैभाषिकाचे अध्यक्ष सयाजी लक्ष्मण सिलम हेच महाराष्ट्र विधानसभेचे पहिले अध्यक्ष झाले. १९६७ मध्ये सदस्यसंख्या २७० आणि १९७८ मध्ये २८८ झाली. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनुसार २९ जागा अनुसूचित जातींसाठी व २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. अँग्लो-इंडियन समाजाच्या प्रतिनिधीची नियुक्ती २०२० मध्ये बंद झाली. १९५३ च्या नागपूर करारास अनुसरून हिवाळी अधिवेशन नागपुरास भरविण्याचा प्रघात पडला. मुंबईतील नव्या विधानभवनाचे उद्घाटन १९ एप्रिल १९८१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले.

६. अंतर्गत व्यवस्था

अध्यक्षपदाच्या अधिकाराचा खरा विस्तार संविधानाच्या अनुच्छेदांपेक्षा सभेच्या दैनंदिन व्यवहारात दिसतो. कामकाज सल्लागार समिती अध्यक्षाच्या नेतृत्वाखाली बसते आणि कोणत्या विषयास किती वेळ द्यावयाचा हे ठरविते. अध्यक्ष व उपाध्यक्ष दोघेही आसनावर नसतील तेव्हा तालिका अध्यक्षांपैकी एक जण काम चालवितो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, स्थगन प्रस्ताव, औचित्याचा मुद्दा ही सदस्यांची आयुधे आहेत. ती चालवावयाची की नाही, हे मुख्यतः अध्यक्षाच्या स्वीकृतीवर अवलंबून असते. अधिवेशनाच्या शेवटी विरोधी पक्षातर्फे येणारा ‘अंतिम आठवडा प्रस्ताव’ हे तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे परिचित वैशिष्ट्य होय.

समित्यांची व्यवस्था याहून कमी दिसणारी, पण अधिक टिकाऊ आहे. लोकलेखा समिती झालेला खर्च तपासते, अंदाज समिती व्हावयाच्या खर्चातील काटकसर सुचविते, सार्वजनिक उपक्रम समिती महामंडळांचा व्यवहार पाहते. पंचायती राज समिती जिल्हा परिषदांपर्यंत पोहोचते. आश्वासन समिती मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दांची पूर्तता झाली की नाही हे विचारते. वित्तीय समित्यांवर मंत्री नसतात. समित्यांच्या बंद दालनात पक्षप्रतोदांचा अंमल थोडा सैल होतो, आणि सचिवाला समोर बसवून कागद मागणारा सदस्य सत्तारूढ पक्षाचा की विरोधी, हे काही वेळ विसरले जाते. अशा समित्यांचे प्रमुख नेमण्याचा अधिकारही अध्यक्षाकडे असतो. त्या नेमणुका लांबल्या तर सभेचा हा अर्धा भाग झोपी जातो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. विरोधी पक्षास सभेत मिळणारा प्रत्येक अवकाश, मग तो प्रश्नाचा असो, चर्चेचा असो वा समितीचा, अध्यक्षाच्या हातून जातो. विरोधी पक्षनेत्यास वेतन व भत्ते देणारा राज्याचा कायदा १९७८ चा आहे. पण त्या नेत्यास मान्यता देण्याचे काम अध्यक्षाचेच. २०२४ च्या नोव्हेंबरातील निवडणुकीत कोणत्याही एका विरोधी पक्षास सभेच्या एक दशांश जागा मिळाल्या नाहीत. तेव्हा ही मान्यता केवळ औपचारिक नसते, हे दिसून आले.

७. अपूर्ण राहिलेली प्रथा

मावळंकर १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. ती निवडणूक बिनविरोध झाली नाही. शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे हे त्यांच्याविरुद्ध उभे राहिले व ३९४ विरुद्ध ५५ मतांनी पराभूत झाले. निकाल अपेक्षित होता. परंतु अध्यक्ष बहुमताचा असतो, या सत्याची नोंद त्या लढतीने इतिहासात करून ठेवली. १९५४ मध्ये मावळंकर यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठरावही आला आणि फेटाळला गेला. निवडणुकीत अध्यक्षाविरुद्ध उमेदवार देऊ नये, हा त्यांचा आग्रह मात्र पक्षांनी मानला नाही. विरोधी पक्षांचे म्हणणे असे होते की, अध्यक्ष सत्तारूढ पक्षाचे तिकीट घेऊनच निवडणूक लढवीत असेल, तर ती जागा त्यास मोकळी का सोडावी? या म्हणण्यातही तथ्य होते.

पुढे महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालील पीठासीन अधिकाऱ्यांच्या समितीनेही हा प्रश्न हाती घेतला. निःपक्षपातीपणे काम केलेल्या अध्यक्षास पुढील सभेतही त्या पदावर राहू द्यावे, अशी तिची सूचना होती. १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष होताच नीलम संजीव रेड्डी यांनी पक्षाचा राजीनामा दिला. मात्र हे उदाहरण एकाकीच राहिले.

महाराष्ट्र विधानसभेत अध्यक्षांची परंपरा सामान्य नव्हती. बाळासाहेब भारदे यांनी १९६२ ते १९७२ अशी सलग दहा वर्षे आसन सांभाळले. पुढे अनेक वेळा सत्तारूढ व विरोधी पक्षांनी समजुतीने अध्यक्ष बिनविरोध निवडून दिला. २०१४ व २०१९ मध्ये तसेच झाले. परंतु अध्यक्षपद हे राजकीय जीवनाचे शेवटचे स्थान व्हावे, अशी प्रथा पडली नाही. माजी मंत्री अध्यक्ष झाले आणि माजी अध्यक्ष मंत्री झाले. गृहमंत्री राहिलेले बाळासाहेब देसाई १९७७ मध्ये अध्यक्ष झाले. २००९ ते २०१४ या काळातील अध्यक्ष दिलीप वळसे पाटील २०२१ मध्ये गृहमंत्री झाले. यात कोणा व्यक्तीस दोष देण्याचे कारण नाही. उद्या ज्यास पक्षाकडे परत जावयाचे आहे, त्याने आज पक्ष विसरावा, ही अपेक्षा व्यवस्थेने निर्माण केली आणि तिच्या पूर्ततेचे साधन मात्र दिले नाही.

८. न्यायाधिकाराची भर

हे दुखणे १९८५ पर्यंत सह्य होते. त्या वर्षी बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षांतर करणाऱ्या सदस्याच्या अनर्हतेचा निर्णय अध्यक्षाकडे सोपविला गेला. आतापर्यंत अध्यक्षाच्या पक्षपाताने एखादी चर्चा हुकत असे. आता त्याच्या निर्णयावर सरकारचे अस्तित्व अवलंबून राहू लागले. पद स्वीकारताना पक्ष सोडणाऱ्या अध्यक्षास अनर्हतेपासून सूट देणारी तरतूद त्याच अनुसूचीत आहे. कायद्याने दार उघडे ठेवले. त्यातून जाण्याची प्रथा महाराष्ट्रात पडली नाही.

१९९२ च्या किहोटो होलोहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने ही व्यवस्था वैध ठरविली, मात्र अध्यक्षाचा निर्णय न्यायालयीन तपासणीस पात्र ठेवला. अल्पमतातील न्यायाधीशांचा आक्षेप मुळाशी जाणारा होता : ज्याचे पद सभेतील बहुमताच्या आधारावर टिकते, तो अशा वादात स्वतंत्र न्यायाधिकारी कसा ठरावा? २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात न्यायालयाने असे अर्ज सामान्यतः तीन महिन्यांत निकालात काढावेत असे सांगितले, आणि हे काम एखाद्या स्थायी न्यायाधिकरणाकडे द्यावे काय, याचा संसदेने विचार करावा असे सुचविले.

९. कसोटीची वर्षे (२०२१–२०२४)

४ फेब्रुवारी २०२१ रोजी नाना पटोले यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर सुमारे सतरा महिने महाराष्ट्र विधानसभेस अध्यक्ष नव्हता. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत होते. ‘शक्य तितक्या लवकर’ या संविधानातील शब्दांना मुदतीची धार नाही, हे या काळाने दाखविले. ५ जुलै २०२१ रोजी बारा सदस्यांना एक वर्षासाठी निलंबित करणारा ठराव सभेने संमत केला. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडील निलंबन अवैध ठरविले. मतदारसंघास वर्षभर प्रतिनिधीविना ठेवणे हे शिस्तीचे साधन होऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

डिसेंबर २०२१ मध्ये सभेने आपला नियम बदलला आणि अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाऐवजी उघड मतदानाने करण्याचे ठरविले. या बदलाचे दोन्ही बाजूंनी समर्थन व खंडन होऊ शकते. गुप्त मतदानात सदस्यास पक्षादेशाबाहेर जाऊन योग्य व्यक्ती निवडण्याची मोकळीक असते. त्याच मोकळिकीतून घोडेबाजारही उभा राहू शकतो. उघड मतदानात फुटीस आळा बसतो, पण अध्यक्ष हा प्रतोदाच्या हुकमाने निवडलेला अध्यक्ष ठरतो. राज्यपालांनी नव्या नियमाच्या वैधतेविषयी शंका घेतली व निवडणुकीची तारीख ठरली नाही.

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. उपाध्यक्षांनी सोळा सदस्यांना अनर्हतेच्या नोटिसा दिल्या. दुसरीकडे त्यांनाच दूर करण्याची सूचना देण्यात आली. ज्याच्याविरुद्ध अशी सूचना प्रलंबित आहे त्याने अनर्हतेचे अर्ज ऐकू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नबाम रेबिया प्रकरणात म्हटले होते. २७ जून रोजी न्यायालयाने सदस्यांना उत्तरासाठी मुदत वाढवून दिली. २९ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि ३ जुलै रोजी राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. सतरा महिने अडलेली निवडणूक सरकार बदलताच तीन दिवसांत, आणि त्याच बदललेल्या नियमाने, पार पडली.

११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनर्हतेचा निर्णय स्वतः देण्याचे नाकारले. तो अध्यक्षानेच वाजवी मुदतीत द्यावा, असे सांगितले. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, हेही स्पष्ट केले, आणि नबाम रेबियाचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठविला. पुढे न्यायालयाने मुदती ठरवून दिल्यानंतर १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी निर्णय दिला : शिंदे यांचा गट हाच फुटीच्या वेळी खरा पक्ष होता, आणि दोन्ही गटांतील कोणीही सदस्य अनर्ह ठरत नाही. निर्णयाच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, अर्ज दाखल होऊन निर्णय येईपर्यंत सुमारे दीड वर्ष लोटले आणि सभेच्या पाच वर्षांच्या आयुष्याचा मोठा भाग त्यात सरला.

१०. समारोप

या इतिहासाचे तात्पर्य काढू गेल्यास असे दिसते की, १८६२ पासून अध्यक्षपदास सरकारपासून वेगळे करण्याचे प्रयत्न टप्प्याटप्प्याने झाले आणि त्यांतील औपचारिक टप्पे सर्व पूर्ण झाले. गव्हर्नर आसनावरून उठले, नेमणूक जाऊन निवडणूक आली, मान्यतेची अट गेली, वेगळी कचेरी मिळाली. परंतु ज्या वर्षी सरकार सभेतून निर्माण होऊ लागले, त्याच वर्षी वेगळेपणाचा जुना अर्थ संपला. त्यानंतर सरकारपासून स्वतंत्र राहणे म्हणजे स्वतःच्या मतदारांपासून स्वतंत्र राहणे, असे झाले; आणि त्यासाठी नियमापेक्षा प्रथेची गरज होती. ती प्रथा मावळंकर यांनी सुचविली, पागे समितीने मांडली, पक्षांनी स्वीकारली नाही.

जे प्रथेने व्हावयाचे ते न झाल्यास न्यायालयाकडे जावे लागते, हा २०२१ नंतरच्या वर्षांचा अनुभव आहे. न्यायालय मुदत ठरवून देऊ शकते, निलंबन रद्द करू शकते. सभेच्या आसनावर मात्र ते बसू शकत नाही. त्यामुळे उपाय दोनच दिसतात. अनर्हतेचे न्यायकार्य अध्यक्षाकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावे, हा एक. अध्यक्षाने पद स्वीकारताना पक्ष सोडावा आणि त्याच्या मोबदल्यात पुढील निवडणुकीत त्याची जागा निर्विरोध राहावी, हा दुसरा. पहिल्यासाठी घटनादुरुस्ती हवी. दुसऱ्यासाठी कायद्याची एक ओळही बदलावी लागत नाही. दहाव्या अनुसूचीतील सूट १९८५ पासून तशीच पडून आहे. त्यासाठी मोठ्या पक्षांनी एकदा, आपण सत्तेवर असतानाच, ती वापरण्याचे ठरविले पाहिजे. विरोधी बाकांवर बसल्यावर या प्रथेची आठवण सर्वांनाच होत आली आहे.